खण बाहेर काढून पाहिला तर

जुनं टेबल दुरुस्तीला आलं की मी आधी त्याचा खण पूर्ण बाहेर काढतो. आतली बिलं, पेनांची टोपणं, गंजलेल्या किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि खण उजेडात धरून त्याचा कोपरा बघतो. टेबलाच्या वरच्या फळीला नवं पॉलिश झालेलं असतं, मुठी बदललेल्या असतात, पण खणाच्या कोपऱ्याला सहसा कुणी हात लावलेला नसतो. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे लाकडात लाकूड अडकवलेल्या शेपट्या दिसतात. दोन शेपट्यांमधला दात टोकाशी करवतीच्या पात्याएवढा बारीक असला आणि शेपट्या एकमेकींहून केसभर कमीजास्त असल्या, तर तो खण हातचा. शेपट्या साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या आणि दातही तेवढेच जाड असले, तर मशीनचा. राउटर म्हणजे लाकूड कोरणारं मशीन; त्याच्या बिटाला, म्हणजे फिरत्या पात्याला, मान असते, त्या मानेहून बारीक फट त्याला कापताच येत नाही. आणि कोपऱ्यात नुसते खिळे दिसले, तर तो खण बहुतेक १९६० नंतरचा, म्हणजे आमच्याच पिढीचं काम.

या सांध्याचं नाव डव्हटेल. आमच्या गाळ्यात सगळे डफटेल म्हणायचे आणि मला ते नाव ढोलाडफाशी जोडलेलं वाटायचं. मी सात-आठ वर्षांचा असताना बाबांनी दादरच्या कबुतरखान्यापाशी उभं करून मला पंख झाडणारं एक कबूतर दाखवलं. “शेपूट बघ. बुंध्याशी अरुंद, टोकाला रुंद. आता ही शेपूट तशाच खाचेत बसवली आणि मागे ओढली, तर सुटेल का?” नाही सुटणार. खण आपण पुढून ओढतो, म्हणजे रोज दहा वेळा पुढची फळी बाजूंपासून उपटायचाच प्रयत्न करतो. बाजूच्या फळीला शेपट्या आणि पुढच्या फळीत त्यांची घरं असली की ती सगळी ओढ लाकडाच्या उतारावर येते. खिळ्यावर येत नाही, सरसावरही येत नाही.

माझ्या धंद्यातली जुनी माणसं म्हणतात, राउटर आला आणि हातचा सांधा मेला. मला हे मुळीच पटत नाही, कारण तो मेला तेव्हा मी तिथे होतो. आमच्या भागात हा सांधा राउटर येण्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी गेला. माझ्या गाळ्यात तो परत आला तो राउटरमुळे.

आजोबा कुडाळजवळच्या गावातून निघून १९२९ साली वेंगुर्ल्याला बोटीत चढले. सोबत एक वाकस, दोन पटाश्या आणि वडिलांचा रंधा. गिरगावात मुगभाटात एका मिस्त्रींच्या गाळ्यात त्यांना काम मिळालं, रात्री तिथेच भुशावर गोणपाट टाकून झोप. ते आले तेव्हा मुंबईच्या सुतारकामाला दोनशे वर्षं होत आली होती. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून दहा सुतार घेऊन आल्याचं सांगतात. आकड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या शहरातल्या मोठ्या सुतारकामाची सुरुवात गोदीत झाली, घरात नाही. सुरतेकडचे कारागीर जहाजाच्या फळ्यांच्या कडा एकमेकींत खोबणीने बसवत आणि मलबारचा साग वापरत. १८१७ साली इथल्या गोदीतून पाण्यात गेलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, तेही मुंबईचंच लाकूडकाम.

घरातल्या लाकडाचं काम नंतर वाढलं. १९ व्या शतकात शिसवीचं नक्षीदार फर्निचर ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने साहेबांच्या आणि पारशी शेठियांच्या दिवाणखान्यांत गेलं. १८५७ साली जे. जे. स्कूल सुरू झालं, १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट; १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली, तीच आजची व्हीजेटीआय. पण आजोबांसारख्यांचं शिक्षण शाळेत झालं नाही, ते गल्ल्यांत झालं. काळबादेवीला सुतार चाळ आणि लोहार चाळ आजही आहेत. लोहार चाळीत विजेचं सामान मिळतं आणि सुतार चाळीत रंधा मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील, पण नाव बदललेलं नाही. त्या नावावरून मी जातो तेव्हा मला बरं वाटतं.

गिरगावातलं काम म्हणजे पेढीवाल्यांचे गल्ले, वकिलांची मेजं, शाळेची कपाटं, लग्नातल्या पेट्या. आणि छापखाने. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेलं निर्णयसागर जवळच होतं, त्याखेरीज गल्लोगल्ली लहान प्रेस होते, आणि प्रत्येक प्रेसला छपाईचे खिळे ठेवायच्या केसेस लागत. मराठीचा टाइप म्हणजे जोडाक्षरं आणि काने-मात्रा धरून शेकड्यांनी घरं. एक भरलेली केस उचलायची तर मनगट भरून येई, कारण आत शिसं. ती दिवसातून कितीदा ओढायची, ढकलायची. आजोबा सांगत, केसच्या चारही कोपऱ्यांना डफटेल नसेल तर वर्षभरात तळ हातात येतो. आमच्या गाळ्यात अशी एक मोडकी केस अजून आहे. मी तिच्यात स्क्रू ठेवतो. तिचे कोपरे हलत नाहीत.

मी १९७३ साली शाळा सोडून आजोबांच्या हाताखाली लागलो. पहिले चार महिने फक्त पटाशीला धार लावली. नंतर त्यांनी एक फळी पुढ्यात टाकली आणि शेपट्या आखायला लावल्या. पेन्सिलीची रेघ त्यांना चालत नसे. “पेन्सिलीच्या रेघेक जाडी आसता, सुरीच्या रेघेक नाय.” सुरीने लाकडाचे तंतू तुटतात, पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप बसतं. उतार ते गुण्याने न काढता एका पत्र्याच्या तुकड्याने काढत: सागाला आठास एक, देवदारासारख्या मऊ लाकडाला सहास एक. उतार कमी घेतला तर शेपूट सरकते, जास्त घेतला तर तिचं टोक तुटतं. करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवायची, अशी की अर्धी रेघ लाकडावर शिल्लक राहावी. माझा हात जड पडे. “दाबू नको रे मेल्या, ती आपसूक जाता.”

मग मधला टाकाऊ भाग पटाशीने काढायचा, अर्धा या बाजूने, अर्धा त्या बाजूने, म्हणजे पलीकडे ढलपी उडत नाही. आणि सांधा एकदाच बसवायचा. हे मला कळायला वर्ष गेलं. बसतो की नाही हे चारदा ठोकून बघितलं तर लाकूड दबतं आणि पाचव्यांदा तो सैल बसतो. आजोबा नुसतं टोक लावून बघत, उजेडासमोर धरत, जिथे लाकूड चकाकलं असेल तिथून एक कागदाएवढा पापुद्रा काढत आणि मग सरस लावून मोगरीने ठोकत. शेपूट तळाला टेकली की मोगरीचा आवाज बदलतो. पोकळ आवाज भरीव होतो. तो आवाज ऐकला की ते थांबत, वर एकही घाव नाही.

सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद शिजवायचा, गरम असतानाच लावायचा. त्याचा वास सकाळी चाळभर पसरे आणि शेजारच्या काकू खिडकी आपटून लावत. मुंबईत या सरसाची एक मोठी अडचण होती. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की सरस ती पितो आणि मऊ पडतो. पावसाळ्यात नुसता सरसाने चिकटवलेला खण हातात पुढची फळी देऊन मोकळा होई. डफटेलला त्याचं काही वाटत नसे. दोन्ही फळ्यांचे तंतू कोपऱ्याकडे एकाच रीतीने आलेले असतात. पावसात फळी रुंदीत फुगते तेव्हा दोन्ही बरोबर फुगतात आणि उन्हाळ्यात बरोबर आकसतात. या शहरात हा सांधा हौस म्हणून टिकला नाही, इथल्या हवेने तो ठेवायला लावला.

तो गेला कसा, ते सांगतो. एका दिवसात गेला नाही.

पहिला धक्का लालबागेतूनच बसला, आणि त्या वेळी तो कुणालाच जाणवला नसणार. अर्देशीर गोदरेजनी १८९७ साली लालबागेत एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. १९२३ पासून त्यांच्याकडे पोलादी कपाटं होऊ लागली. वाळवी लागत नाही, पावसात दार फुगत नाही, कुलूप भक्कम. आमच्या चाळीत १९६० च्या दशकात लग्नात मुलीला लाकडी कपाट देणं मागासलेपणाचं वाटू लागलं होतं. ‘गोदरेज’ हाच कपाटाला शब्द झाला. दुसरा धक्का युद्धाचा. मुंबईचा उत्तम साग ब्रह्मदेशातून येई, रंगून १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांच्या हाती गेलं आणि माल थांबला. आजोबांनी त्या वर्षांत पॅकिंगच्या खोक्यांचं देवदार वापरून खण केले, बाहेरून सागाची पातळ पट्टी. बल्लारशाचा साग पुढे आला, पण तो घनफुटाला मोजून घ्यावा लागे आणि मोजताना गिऱ्हाईक हिशेब करायला शिकलं.

मधल्या काळात दादर, शिवाजी पार्क, हिंदू कॉलनीच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या. १९३७ च्या नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. आजोबा ते बघायला गेले होते. गोल कोपऱ्यांची कपाटं, चकचकीत व्हिनियर. घरी येऊन त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, बाहेरचं सगळं नवं आहे पण खण आपलेच आहेत. म्हणजे तिथेही त्यांनी खण ओढून बघितले होते.

शेवटचा आणि खरा धक्का प्लायवुड आणि फेविकॉलचा. फेविकॉल १९५९ चं. ते काढणारे बलवंत पारेख एकेकाळी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि पत्नीसह त्याच्याच वखारीत राहत. सुताराला सरस शिजवताना होणारा त्रास त्यांनी जवळून बघितला असणार असं मला नेहमी वाटतं. ते पांढरं डिंकासारखं द्रव्य गरम करावं लागत नव्हतं, वास मारत नव्हतं, पावसात सुटत नव्हतं. आजोबांनी ते दोन वर्षं हातात घेतलं नाही आणि एकदा घेतल्यावर सरसाचं भांडं चाळीतल्या एका बाईला कुंडी करायला दिलं. मी त्यांना दोष देत नाही. चांगली वस्तू चांगलीच असते. पण ज्या कारणासाठी शेपट्या कापायच्या ते कारणच तिने काढून घेतलं. त्यात प्लायवुडच्या कडेला शेपटी कापली तर थर सुटतात, दात गळून पडतात. मग खणाचे कोपरे खिळ्यांवर आणि फेविकॉलवर आले. गिऱ्हाईक सनमायका बघत होतं, कोपरा कोण बघतो. १९७३ साली मी आलो तेव्हा आमच्या गाळ्यात महिन्याला जेमतेम एखादा खण डफटेलचा होई, आणि तोही आजोबांनी गिऱ्हाइकाला न सांगता केलेला.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. परळ-लालबागचे गिरणीतले सुतार, जे मागांचे लाकडी भाग दुरुस्त करत, ते मिळेल त्या मजुरीवर कॉन्ट्रॅक्टच्या कामात शिरले. एकजण आमच्याकडे आला. त्याच्या हातची करवत इतकी सरळ जाई की आजोबा उठून बघायला आले. पण त्याला काम काय दिलं आम्ही? प्लायच्या पेट्या ठोकायचं. दीड वर्षाने तो गावी गेला. त्याला शेपट्या कापायला देता आल्या असत्या असं मला आज वाटतं, पण त्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

बाबा गाळ्यात कधी बसले नाहीत. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पॅटर्नमेकर होते. १८७९ पासूनचं ते वर्कशॉप, इंजिनांचं. बिडाचा किंवा पितळेचा जो भाग ओतायचा त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रतिमा करायची, ती मातीत दाबायची, काढून घ्यायची आणि पोकळीत धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीच वेगळी: बिडासाठी फुटाला एक अष्टमांश इंच मोठी, पितळेसाठी तीन सोळांश. बाबांच्या खिशात दोन्ही पट्ट्या असत आणि घरातलं काहीही त्या पट्टीने मोजायला आई त्यांना मनाई करी. पॅटर्नवर बाहेर आलेला एखादा उंचवटा मातीत अडकून माती फोडतो, म्हणून तो तुकडा सुटा करून डफटेलच्या खाचेत सरकवून ठेवायचा. पॅटर्न वर उचलला की सुटा तुकडा मातीतच राहतो, मग तो आडवा काढून घ्यायचा. म्हणजे आजोबांचा सांधा न सुटण्यासाठी आणि बाबांचा तोच सांधा हवा तेव्हा सुटण्यासाठी. जेवताना या एका गोष्टीवर दोघे तासभर बोलत.

राउटर हा पॅटर्नमेकरचाच शोध आहे, हे बाबांना मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर नावाच्या पॅटर्नमेकरने न्हाव्याच्या केस कापायच्या यंत्राची मोटर घेऊन हातात धरायचं कोरणारं यंत्र केलं. १९२९ साली, म्हणजे आजोबा बोटीतून उतरले त्याच साली, स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला.

मी राउटर घेतला १९९५ मध्ये, नागदेवी स्ट्रीटवर, जुना. आयात मोकळी झाली होती आणि त्या गल्लीत जपानी मशीनं दिसू लागली होती. डफटेलचा जिग मेव्हण्याने दुबईहून आणला. कंगव्यासारख्या बोटांची एक पट्टी, खाली दोन दाबपट्ट्या. बाजूची फळी पुढे उभी धरायची, पुढची फळी वर आडवी, दोन्हींची आतली बाजू बाहेर, आणि एक फळी दुसरीपेक्षा अर्ध्या घराने सरकलेली. राउटरच्या तळाला गोल बुश असतो, तो कंगव्याच्या बोटांतून फिरवायचा, आणि एकाच फेरीत शेपट्याही कापल्या जातात आणि त्यांची घरंही. आजोबांना ज्याला अर्धा दिवस लागे ते पाच मिनिटांत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण पाच मिनिटांत होतो तो काप. बसणारा सांधा व्हायला मला दोन वर्षं लागली.

हिंदू कॉलनीतल्या एका घराचं नऊ खणांचं काम होतं. सागाच्या एकाच फळीतून सलग नऊ पुढच्या फळ्या काढल्या होत्या, म्हणजे नऊही खण बंद केले की रेषा वरून खाली वाहत जाव्यात. तुकड्यांवर चाचणी घेतली, सांधा हाताच्या दाबाने बसत होता. मग सलग कापत गेलो. पहिले दोन खण छान बसले. तिसऱ्याला मोगरी लागली. सहाव्याला जोर लावला तेव्हा पुढची फळी काडकन चिरली. उरलेले तर टोकही घेईनात. मशीनमध्ये काही बिघडलं नव्हतं, चूक माझी होती. बिट मी कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या नळीत, तळाला टेकेपर्यंत घुसवून आवळला होता. तसा आवळलेला बिट पकड घेत नाही. कापताना तो केस-केस बाहेर सरकत होता, आणि या सांध्यात बिट जितका खोल जाईल तितका सांधा घट्ट होतो. आता मी बिट तळाला टेकवतो, दोन-तीन मिलिमीटर वर ओढतो आणि मग आवळतो. त्या नऊ फळ्यांची सलग रेषा पुन्हा मिळाली नाही. मी नवीन फळ्या घातल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण तो संच पाहिला की मला अजून चैन पडत नाही.

जिगने मला आजोबांचीच शिस्त दुसऱ्या भाषेत शिकवली. ते पापुद्रा काढत, मी खोली बदलतो, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. सैल असेल तर बिट खाली, घट्ट असेल तर वर. शेपूट घरात जाऊन पुढे-मागे राहत असेल तर खोलीला हात लावायचा नाही, कंगवाच पुढे-मागे करायचा. या दोन गोष्टींत घोळ करणारा माणूस दिवसभर गोल फिरतो. चाचणी त्याच लाकडावर, त्याच जाडीवर. देवदारावर बसवलेलं माप सागाला लागत नाही. बिट पूर्ण खोलीवर एकदाच चालतो, टप्प्याटप्प्याने खाली नेता येत नाही, नाहीतर पहिल्याच फेरीत शेपटीची मान जाते. म्हणून आधी कडेने उजवीकडून डावीकडे एक हलकी फेरी मारायची, तंतू कापून ठेवायचे, मग आत शिरायचं. आणि बिट फिरत असताना राउटर कधी वर उचलायचा नाही. माझ्या कंगव्याच्या चौथ्या बोटावर अजून खाच आहे. सागात रेतीसारखा अंश असतो, साधा पोलादी बिट त्याने दोन खणांत बोथट होतो, कार्बाइडचाच हवा. पावसाळ्यात सकाळी कापलं ते संध्याकाळपर्यंत जोडायचं. आजोबा हे शेवटचं म्हणत तेव्हा मला ती त्यांची सवय वाटायची.

राउटरचा उतार चौदा अंशाचा असतो, चारास एकच्या जवळ. आजोबांच्या आठास एकपेक्षा दुप्पट तिरका. शेपट्या जाड, दात जाड. दिसायला तो हातच्या सांध्याइतका देखणा नाही, हे मी मान्य करतो, आणि कुणी पैसे देऊन हातचा मागितला तर मी आजही करवतीने कापतो. पण हातच्या सांध्याच्या एका खणाच्या पैशांत मशीनचे सहा बसवता येतात, आणि त्या हिशेबात पहिल्यांदा, तीस वर्षांनी, शिक्षकाच्या नि बँकेतल्या कारकुनाच्या घरात पुन्हा न हलणारे खण जाऊ लागले. दुपारी दोन ते चार चाळ झोपते म्हणून मशीन बंद ठेवतो. एवढी एकच अट शेजाऱ्यांनी घातली आहे.

गेल्या वर्षी गिरगावातली एक चाळ पाडली. तिथल्या कुटुंबाला बावीस मजल्यांच्या नव्या इमारतीत जागा मिळाली आणि त्यांनी आपल्याच खोलीवरची एक तुळई माझ्याकडे आणून टाकली. ब्रह्मदेशचा साग, वरून काळा, आतून मधासारखा, रंधा लागताच जुन्या तेलाचा वास. त्यात खिळे होते. कार्बाइडचा बिट खिळ्याला लागला तर टवका उडतो आणि तो कुठेही जाऊ शकतो, म्हणून मी आणि माझी पुतणी दोन दिवस लोहचुंबक फिरवत बसलो. ती आता माझ्याकडे शिकते. सत्तावीस खिळे निघाले. एका खिळ्याचं निळं-काळं भोक नेमकं एका शेपटीत आलं. ती म्हणाली, फळी बदलू या का, काका. मी म्हटलं, राहू दे.

सहा खणांचा तो संच आम्ही त्यांच्याकडे पोचवला. घरातल्या आजी सत्तर वर्षं त्या तुळईखाली राहिलेल्या. त्यांनी तळचा खण पूर्ण ओढला, आत हात फिरवला, कोपऱ्यावर नख घासून बघितलं आणि हळूच आत ढकलला. खण घट्ट बसत असल्यामुळे आतल्या हवेला जायला वाट नव्हती. वरचा खण बोटभर बाहेर आला. आजी दचकल्या. मग त्यांनी वरचा ढकलला, तर खालचा बाहेर आला. त्या हसायला लागल्या आणि त्यांनी नातवाला हाक मारली.